जखमेची भरपाई आणि उत्पन्नाचा दाखला

शरीर निकामी झालं म्हणून लष्करातून घरी परतलेल्या जवानाच्या खात्यात दर महिन्याला पेन्शन जमा होते. त्या पेन्शनकडे सरकारची दोन खाती दोन नजरांनी पाहतात. आयकर खातं तिला हात लावत नाही. तशी केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाची १९७० सालची सूचनाच आहे. २००१ मध्ये मंडळाने स्पष्ट केलं की पेन्शनचे सेवा घटक आणि अपंगत्व घटक हे दोन्ही भाग करमुक्त आहेत. २०१९ च्या परिपत्रकाने ही सवलत बरीच आवळली, त्यावरचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला; पण अपंगत्वामुळे ज्याची नोकरीच संपली त्या सैनिकाची करमुक्ती त्या परिपत्रकानेही काढून घेतली नाही. तोच जवान शेगावच्या तहसील कार्यालयात उत्पन्नाचा दाखला काढायला गेला, की त्याच पेन्शनचा पै न पै वार्षिक उत्पन्नात धरला जातो. अर्जात नोकरी, शेती, धंदा, मजुरी, इतर मार्ग असं सगळं विचारतात. गेलेल्या पायापोटी किंवा गेलेल्या डोळ्यापोटी जे मिळतं ते वेगळं दाखवायला मात्र त्यात जागा नाही.

शरीराच्या नुकसानीपोटी दिलेला पैसा आणि कमाई यांची बेरीज करून कुणाची गरिबी मोजू नये, एवढंच मला सांगायचं आहे. ऐकायला हे सोपं वाटतं. पण शिष्यवृत्तीपासून लाडकी बहीणपर्यंत आपल्याकडच्या बहुतेक योजना याच बेरजेवर उभ्या आहेत, आणि त्या बेरजेला आजवर फारसं कुणी हटकलेलं नाही.

बुलढाणा जिल्ह्यातला शेगाव तालुका पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात येतो. जमीन काळी आणि कसदार, पण भुईतलं पाणी खारं. विहीर खोदून ओलित करावं अशी सोय नाही. कापूस, सोयाबीन, तूर, हरभरा, सगळं पावसाच्या भरवशावर. अशा मुलखात दहावी-बारावी झालेल्या पोराला महिन्याच्या महिन्याला पगार देणारी वाट म्हणजे भरती. बुलढाणा जिल्ह्यातली पोरं भल्या पहाटे रस्त्यावर धावताना दिसतात ती त्यासाठीच. त्यातली काही लष्करात जातात, काही केंद्रीय राखीव पोलीस दलात. १४ फेब्रुवारी २०१९ ला पुलवामात जे चाळीस जवान गेले त्यांत मलकापूरचे संजय राजपूत आणि लोणार तालुक्यातल्या चोरपांग्र्याचे नितीन राठोड होते. जे शहीद होतात त्यांची नावं चौकाला लागतात. जे अर्धं शरीर घेऊन परत येतात त्यांच्याविषयी गावात एकच वाक्य असतं: अमक्याचा पोरगा बोर्ड आउट झाला.

बोर्ड आउट होणं म्हणजे वैद्यकीय मंडळाने नोकरीस अपात्र ठरवून घरी पाठवणं. हे मंडळ दोन गोष्टी ठरवतं. अपंगत्व किती टक्के, आणि ते लष्करी सेवेमुळे उद्भवलं किंवा सेवेमुळे वाढलं का. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' आलं तर जवानाला लढावं लागतं. २००७ च्या कायद्याने सशस्त्र दल न्यायाधिकरण आलं ते अशाच तक्रारींसाठी. २०१३ मध्ये धरमवीर सिंग यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर जवान धडधाकट होता असंच धरायचं, आणि तसं नाही हे सिद्ध करण्याचा भार सरकारवर. पुढच्याच वर्षी राम अवतार खटल्यात टक्केवारी वरच्या टप्प्याला नेण्याचा नियम सर्वांना लागू झाला: पन्नासच्या आतलं अपंगत्व पन्नास धरायचं, त्यावरचं पंच्याहत्तर, त्याहून वरचं शंभर.

हे सगळं पार पडलं की पेन्शन लागते. तिचे दोन भाग असतात. सेवा घटक हा शेवटच्या वेतनाच्या निम्मा. अपंगत्व घटक शंभर टक्के अपंगत्वाला वेतनाच्या ३० टक्के, आणि पन्नास टक्क्यांना १५ टक्के. दोन्हींवर महागाई सवलत मिळते. प्रत्यक्ष लढाईत जखमी झालेल्यांसाठी युद्धजखम पेन्शन वेगळी, तिचे दर अधिक. आणि ज्याला उठायला-बसायलाही दुसरा माणूस लागतो त्याला सततच्या मदतनिसासाठी भत्ता. सातव्या वेतन आयोगानंतर तो महिन्याला ६,७५० रुपये झाला आणि पुढे महागाईबरोबर वाढला.

यातला अपंगत्व घटक भरपाईचा आहे, हे ठरवायला सरकारने किती यंत्रणा राबवली ते पाहा. लष्करी डॉक्टरांचं मंडळ, त्यावर अपील, न्यायाधिकरण, प्रसंगी सर्वोच्च न्यायालय. इतक्या चाळण्यांतून 'हा पैसा जखमेचा आहे' असं ठरलं. मग तो पैसा तहसिलीच्या खिडकीशी येईपर्यंत आपली ओळख कशी विसरतो?

याचा परिणाम काय होतो ते आकड्यांत पाहू. सैन्यातल्या शिपायाचं सातव्या वेतन आयोगातलं सुरुवातीचं मूळ वेतन २१,७०० रुपये, वर लष्करी सेवा वेतन ५,२००, एकूण २६,९००. नोकरीच्या पहिल्या पायरीवरच बोर्ड आउट झालेल्या, पन्नास टक्के अपंगत्वाच्या जवानाचा सेवा घटक होतो १३,४५० आणि अपंगत्व घटक ४,०३५. हुद्दा, गट आणि वन रँक वन पेन्शनच्या तक्त्यांनुसार प्रत्यक्ष रक्कम वर जाऊ शकते, पण तत्त्व कळायला ही खालची पायरीच बरी. जुलै २०२४ पासून महागाई सवलत ५३ टक्के होती. त्या दराने सेवा घटकाचे वर्षाचे २,४६,९४२ रुपये होतात. अपंगत्व घटकाचे साधारण ७४,००० त्यात मिळवले की बेरीज जाते ३ लाख २१ हजारांवर.

आता हा जवान अनुसूचित जातीतला आहे असं धरा. विदर्भातल्या कितीतरी घरांचं महार रेजिमेंटशी पिढ्यांचं नातं आहे, तेव्हा हे धरणं ओढूनताणून नाही. त्याचा मुलगा शेगावच्याच गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालयात किंवा अमरावती-नागपूरला शिकतो. भारत सरकारच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. वसतिगृहात जागा न मिळालेल्या मुलांना राहण्या-जेवणाचा खर्च देणाऱ्या बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेलाही अडीच लाखच. केवळ सेवा घटक मोजला असता तर मुलगा दोन्हींना पात्र होता. बापाच्या निकामी पायाचे ७४,००० रुपये बेरजेत आले आणि मुलगा बाहेर गेला. फी माफीचा मार्ग त्याला उरतो, पण निर्वाह भत्ता गेला, खोलीभाडं गेलं. बाप धडधाकट राहून त्याच्या घरात तेवढंच, २ लाख ४७ हजार येत असते तर मुलाला शिष्यवृत्ती मिळाली असती. बापाचा पाय गेल्यामुळे मुलाची शिष्यवृत्ती जाते, हा या बेरजेचा सरळ अर्थ आहे.

हे इथेच थांबत नाही. जानेवारी २०२५ पासून महागाई सवलत ५५ टक्के झाली. त्या दराने एकट्या सेवा घटकाचेच वर्षाचे २,५०,१७० रुपये झाले. मर्यादेपेक्षा १७० रुपये जास्त. जवान श्रीमंत झाला नाही. बाजारात तेल-डाळ महागली म्हणून सरकारनेच त्याला दोन टक्के दिले, आणि सरकारच्याच दुसऱ्या खात्याने ते दोन टक्के मोजून त्याला रेषेच्या पलीकडे ढकललं. महागाईबरोबर पेन्शन हलते, मर्यादा वर्षानुवर्षं जागची हलत नाही. या दोघींना एकमेकींशी बांधलं नाही तर पात्रतेची यादी गरिबीमुळे नव्हे, नुसत्या दिवसगतीने आखडत जाते.

मुलाच्या शिक्षणापेक्षाही मला जास्त टोचतं ते जवानाच्या बायकोचं. ज्या घरात कंबरेखालून लुळा पडलेला माणूस आहे तिथे मदतनीस म्हणजे कोण? शहरात पगारी माणूस मिळत असेल. शेगाव तालुक्यातल्या खेड्यात ती बायकोच असते. कूस बदलणं, अंथरूण काढणं, लघवीची पिशवी बदलणं, रात्री दोनदा उठणं. तिचं वावरातलं काम सुटतं, मजुरी बुडते. भत्ता जमा होतो नवऱ्याच्या खात्यात, आणि दाखल्यात तो घराचं उत्पन्न ठरतो. जून २०२४ मध्ये लाडकी बहीण योजना आली. महिन्याला १,५०० रुपये, थेट बाईच्या नावावरच्या खात्यात. अट अशी की कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवं, आणि घरात कुणी सरकारी नोकरीत किंवा निवृत्तीनंतर निवृत्तिवेतन घेणारं नसावं. पंचविशीत बोर्ड आउट झालेला पोरगा कोणत्या अर्थाने सेवानिवृत्त? वयोमान पुरं करून, ग्रॅच्युइटी घेऊन, सत्कार स्वीकारून घरी बसलेल्या माणसासाठी लिहिलेली अट याला लावली जाते. आपल्या नावावर चार पैसे यावेत ही जिची गरज सगळ्यांत मोठी, ती बाई नवऱ्याच्या जखमेमुळे अपात्र ठरते. सुश्रूषेचं काम तिने फुकट करायचं, आणि त्या कामाचा म्हणून आलेला भत्ता तिच्याच विरुद्ध पुरावा व्हायचा, याला मी तरी न्याय म्हणू शकत नाही.

पीएम किसानची गोष्ट थोडक्यात सांगतो. २०१९ मध्ये ही योजना आली तेव्हाच महिन्याला १०,००० रुपये किंवा जास्त पेन्शन असलेला शेतकरी वगळला गेला. वर्षाचे ६,००० गेले, आणि राज्याची नमो शेतकरी योजना त्याच यादीवर चालते म्हणून आणखी ६,००० गेले. याच नियमात एक सूट आहे: चतुर्थ श्रेणी आणि मल्टी टास्किंग कर्मचाऱ्यांना ही दहा हजारांची अट नाही. साठीपर्यंत नोकरी करून सतरा-अठरा हजार पेन्शन घेणारा कचेरीतला शिपाई, नावावर सातबारा असेल तर, पात्र. चोविसाव्या वर्षी सीमेवरून परतलेला, १३,४५० सेवा घटकाचा जवान अपात्र, कारण ही सूट त्याला नाही. कचेरीतल्या शिपायाचे पैसे काढावेत असं मी म्हणत नाही. पण अशी सूट देणं सरकारला जमतं, हे यावरून कळतं.

इथे एक प्रामाणिक हिशोब मांडला पाहिजे, नाहीतर हा लेख जवानाची वकिली तेवढी ठरेल. रेशनच्या प्राधान्य कुटुंबाची उत्पन्नमर्यादा ग्रामीण भागात ४४,००० आणि शहरात ५९,००० आहे. संजय गांधी निराधार योजनेची सर्वसाधारण मर्यादा तर २१,०००. जवानाचा अपंगत्व घटक पूर्ण वगळला, महागाई सवलतही सोडून दिली, तरी नुसत्या सेवा घटकाचे वर्षाला १,६१,४०० होतात. म्हणजे या योजनांमध्ये तो तसाही बसत नाही, त्याला पांढरं कार्डच मिळणार. मला ते मान्य आहे. दर महिन्याला ठरलेल्या तारखेला पेन्शन येणाऱ्या घराने अंत्योदयच्या पस्तीस किलोंवर हक्क सांगू नये. दुसऱ्याच्या बांधावर मजुरी करणाऱ्या विधवेच्या पुढे रांगेत उभं राहायची इच्छा कुठल्याही जवानाला नसते. माझा वाद तळाच्या योजनांशी नाही. शिष्यवृत्ती, स्वाधार, लाडकी बहीण यांसारख्या मधल्या पट्टीतल्या मर्यादांशी आहे. तिथे अपंगत्व घटक धरला की घर बाहेर, न धरला की आत, असं खरोखर घडतं.

पण या तळाच्या मर्यादाही एक गोष्ट उघड करतात. २१,००० म्हणजे महिन्याला १,७५०. २०२५-२६ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती; शंभर दिवस काम मिळालं तर एका माणसाचे ३१,२०० होतात. म्हणजे सरकारच्याच हमीवर, सरकारच्याच दराने काम केलेला मजूर सरकारच्याच व्याख्येत निराधार उरत नाही. अर्थातच दाखल्यावर खरा आकडा कुणी लिहीत नाही, आणि तलाठीही तो फार खोदून विचारत नाही, कारण विचारला तर गावात एकही लाभार्थी सापडायचा नाही. मजुरी रोखीची, शेतीचं उत्पन्न अंदाजाचं, दुकानाचा गल्ला मालकाच्या सांगण्यावर. या सगळ्यात एकच माणूस असा आहे ज्याचं उत्पन्न पैशापर्यंत लिहिलेलं असतं: पेन्शनवाला. त्याची रक्कम संरक्षण पेन्शनच्या 'स्पर्श' प्रणालीत आहे, बँकेच्या पासबुकात आहे, आधारला जोडलेली आहे. उत्पन्नाची अट गरीब शोधण्यासाठी लावली जाते. प्रत्यक्षात ती ज्याचं उत्पन्न दिसतं त्याला शोधून काढते. अपंग जवान तिच्या तावडीत सापडतो तो श्रीमंत म्हणून नाही, कागदोपत्री उघडा म्हणून.

शेगावात उत्पन्न न विचारता देण्याचा एक जुना धडा रोज चालू असतो. गजानन महाराज संस्थानात महाप्रसादाच्या पंगतीला बसणाऱ्याला कुणी दाखला मागत नाही. सरकार संस्थान नाही, त्याला तिजोरीचा हिशोब द्यावा लागतो, हे खरं. तरी सरकारलाही हे जमलेलं आहे. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतला पाच लाखांपर्यंतचा उपचार राज्याने पिवळं-केशरी-पांढरं कार्ड न पाहता सगळ्यांना खुला केला. माजी सैनिकांची घरपट्टी २०२० मध्ये माफ केली तेव्हा कुणाचं उत्पन्न विचारलं नाही. जिथे इच्छा होती तिथे चाळणी काढून टाकता आली. मी तर चाळणी काढा असंही म्हणत नाही. तिच्यात काय ओतायचं आणि काय नाही, एवढं ठरवा.

यावर दोन आक्षेप मी नेहमी ऐकतो आणि दोन्ही गंभीर आहेत.

पहिला असा: मळणीयंत्रात हात गेलेल्या शेतकऱ्याचं काय? गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत एक अवयव गेला तर एक लाख रुपये मिळतात, दोन गेले तर दोन लाख. एकदाच. त्याला पेन्शन नाही, माजी सैनिकांचा दवाखाना नाही, कँटीन नाही, नोकरीत राखीव जागा नाहीत. त्याच्या शेजारी राहणाऱ्या जवानासाठी आणखी सवलत मागताना जीभ अडखळायला हवी, आणि माझी अडखळते. म्हणूनच मी ही सवलत गणवेशाच्या नावाने मागत नाही. शरीराच्या नुकसानीची भरपाई उत्पन्नात धरू नये, हा नियम मळणीयंत्राच्या लाखालाही लागू व्हावा, मोटार अपघात दाव्यातल्या रकमेलाही, कारखान्यातल्या कामगाराच्या भरपाईलाही, आणि केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या जखमी जवानालाही. हा शेवटचा तर नेहमीच मधे लटकतो. त्याचे नियम लष्कराचे नाहीत, नागरी असाधारण पेन्शनचे आहेत, आणि गावाला तो मात्र 'मिल्ट्रीवाला'च वाटतो. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चं चोविसावं कलम सांगतं की सामाजिक सुरक्षेच्या योजनांत दिव्यांगांना इतरांपेक्षा किमान २५ टक्के जास्त मदत असावी. अपंग माणसाला त्याच जगण्यासाठी जास्त पैसे लागतात, हे संसदेने मान्य केलं आहे. व्हीलचेअर जाईल असा दरवाजा करायचा, कमोड बसवायचा, अकोल्याला दवाखान्यात न्यायचं तर एसटी चालत नाही, गाडी करावी लागते. अपंगत्व घटक या वाढीव खर्चात जातो, आणि खर्च होऊन गेलेल्या पैशावर घराची ऐपत ठरवली जाते.

दुसरा आक्षेप: अपंगत्व पेन्शनचा गैरफायदा घेतला जातो. नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या अहवालातून दिसलं की निवृत्त होणाऱ्या अधिकाऱ्यांमध्ये अपंगत्व पेन्शनचं प्रमाण जवानांपेक्षा कितीतरी जास्त आहे. रक्तदाब-मधुमेहावर मिळणारी पेन्शन हा वादाचा विषय झाला, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये संरक्षण मंत्रालयाने नवे नियम आणले. हा आक्षेप खरा असेल तर तो वैद्यकीय मंडळाच्या दारात मांडायला हवा. लाखभर पेन्शन घेणाऱ्या अधिकाऱ्याला अडीच लाखांच्या शिष्यवृत्तीशी कर्तव्य नसतं. त्याच्यावरच्या संशयाचा दंड शिपाई आणि लान्स नायकाच्या पोरांनी का भरावा?

टक्केवारीचा घोळ मात्र खराच आहे, आणि तो जवानाच्याच मुळावर येतो. कान गेलेल्या जवानाला लष्करी मंडळाने २० टक्के दिले, पेन्शनसाठी ते पन्नास धरले गेले. जिल्हा रुग्णालयात दिव्यांग प्रमाणपत्राला गेला तर तिथलं मंडळ स्वतंत्र तपासणी करतं, आणि ४० टक्क्यांच्या खाली आलं तर तो कायद्याच्या लेखी दिव्यांगांच्या लाभांना पात्रच नाही. दिव्यांग म्हणून मिळायचं ते मिळत नाही. दिव्यांगत्वाचा पैसा मात्र उत्पन्न म्हणून मोजला जातो.

जखमेचा पैसा वेगळा ठेवण्याची रीत आपल्याला परकी नाही. अफझलखानाच्या मोहिमेनंतर शिवाजी महाराजांनी जखमींना जखम पाहून पंचवीसपासून दोनशे होनांपर्यंत दिले, मेलेल्यांच्या घरच्यांची सोय लावली, असं सभासदाच्या बखरीत आहे. घर किती खातंपितं आहे याची चौकशी झाल्याचं त्यात नाही. माप होतं जखमेचं. इंग्रजी अमलात १८७१ चा पेन्शन कायदा आला आणि सरकारी पेन्शनवर सावकाराची जप्ती येऊ नये अशी तजवीज झाली. ती आजही लागू आहे. १९१७ मध्ये पहिल्या महायुद्धातल्या जायबंदी शिपायांसाठी मुंबईत क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट निघालं आणि पुढे पुण्याजवळ खडकीला गेलं, १९७४ मध्ये तिथेच लुळ्या पडलेल्या जवानांसाठी पुनर्वसन केंद्र आलं. पासष्टच्या युद्धात गोळ्या खाल्लेल्या मुरलीकांत पेटकरांनी १९७२ मध्ये हायडेलबर्गला पोहण्यात सुवर्णपदक मिळवलं ते आपल्याला आठवतं. पदक न मिळालेल्या शंभरांना रोजच्या कागदांत काय मिळतं, याची आठवण ठेवणारं कुणी नसतं.

बाहेरच्या देशांतही हा गुंता सुटलेला नाही. ब्रिटनमध्ये युनिव्हर्सल क्रेडिट देताना युद्धजखमेची पेन्शन पूर्ण वगळतात, पण म्हाताऱ्यांच्या पेन्शन क्रेडिटमध्ये आठवड्याचे पहिले दहा पौंडच वगळतात. रॉयल ब्रिटिश लीजन ही माजी सैनिकांची संस्था त्याविरुद्ध मोहीम चालवते. अमेरिकेत तर उलटाच प्रकार होता. बेघर माजी सैनिकांसाठीच्या घरांना उत्पन्नाची मर्यादा होती, आणि ज्याचं अपंगत्व जास्त त्याची भरपाई जास्त, म्हणून सगळ्यांत जास्त जायबंदी माणूसच त्या घराला अपात्र ठरे. ऑगस्ट २०२४ मध्ये तिथल्या गृहनिर्माण खात्याने पात्रता ठरवताना अपंगत्व भरपाई धरायची नाही असा बदल केला. त्यासाठी नवा कायदा लागला नाही. खात्याच्या आदेशावर काम झालं.

आपल्याकडे तर ते त्याहून सोपं आहे. जवानाच्या पेन्शन आदेशावर सेवा घटक आणि अपंगत्व घटक वेगवेगळे छापलेले असतात. नवी चौकशी नको, नवा पंचनामा नको. महसूल विभागाने एक परिपत्रक काढावं: उत्पन्नाचा दाखला देताना अपंगत्व घटक, युद्धजखम घटक आणि मदतनीस भत्ता वजा करावा, पेन्शन आदेशाची प्रत हाच पुरावा मानावा. समाजकल्याण खात्याने अडीच लाखांची मर्यादा महागाई सवलतीशी जोडावी. महिला व बालविकास खात्याने अपंगत्वामुळे सेवा संपलेल्या जवानाच्या बायकोला 'निवृत्तिवेतनधारक कुटुंब' या अटीतून मोकळं करावं. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय बुलढाण्याला आहे. शेगावहून खामगाव ओलांडून तिथे जायचं म्हणजे अपंग माणसाचा दिवस मोडतो. तेव्हा हे काम तालुक्याच्या सेतू केंद्रातच झालं पाहिजे.

आणि हे आत्ताच ठरवायला हवं, कारण पुढचा प्रश्न दाराशी आला आहे: चार वर्षांसाठी भरती होणाऱ्या अग्निवीरांचा. सियाचीनमध्ये ऑक्टोबर २०२३ मध्ये गेलेले अक्षय गवते हे कामगिरीवर असताना मृत्यू आलेले पहिले अग्निवीर. ते याच जिल्ह्यातल्या पिंपळगाव सराईचे. अग्निवीराला अपंगत्व आलं तर पेन्शन नाही, एकरकमी रक्कम आहे: शंभर टक्क्यांना ४४ लाख, पंच्याहत्तरला २५, पन्नासला १५. हा पैसा महिन्याला येत नाही म्हणून दाखल्यात तो दिसणार नाही. त्याने घर बांधलं, कर्ज फेडलं, तर वार्षिक उत्पन्न शून्याजवळ आणि सगळ्या योजना खुल्या. शहाणपणाने ते बँकेत ठेवले तर व्याज हे उत्पन्न, आणि २५ लाखांवर सहा टक्क्यांनी धरलं तरी वर्षाचं दीड लाख. त्यात थोडी शेती मिळवली की तो शिष्यवृत्तीच्या मर्यादेशी येऊन ठेपतो. म्हणजे एकाच स्फोटात एकसारखे जखमी झालेले दोन जवान, एक जुन्या भरतीचा आणि एक अग्निवीर, तहसिलीत दोन वेगळ्या वर्गांत मोडतील. आणि दोन अग्निवीरांमधलाही पैसे राखणारा अपात्र ठरेल, उडवणारा पात्र. अग्निवीरांची पहिली तुकडी जानेवारी २०२३ च्या सुमारास प्रशिक्षणाला लागली, तिची चार वर्षं २०२६ च्या अखेरीस भरतात. त्यांतले जे जायबंदी होऊन येतील त्यांच्या ठेवीवरचं व्याज उत्पन्नात धरायचं की नाही, हे त्या खिडकीवरच्या कारकुनाने आपल्या मर्जीने ठरवू नये. मुंबईहून निघालेला लेखी आदेश त्याच्या टेबलावर त्याआधी पोचलेला असावा.